जोडसायकलवरचे पाच दिवस
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



रौप्यमहोत्सवात ज्येष्ठांपैकी कुणीतरी दहा-पंधरा मिनिटं बोलावं असं ठरलं आणि सेक्रेटरींनी माझं नाव घातलं. विषय तुमच्या आवडीचा घ्या म्हणाले. ज्या माणसाचा जन्म बँकेत गेला त्याच्या आवडीचा विषय म्हणजे व्याजदर, अशी धास्ती काहींच्या चेहऱ्यावर दिसते आहे. घाबरू नका. मी आज सायकलवर बोलणार आहे, तेही आपल्या जिन्याखाली ताडपत्री घालून ठेवलेल्या त्या लांबलचक सायकलवर. मागे एका चिमुरड्याने मला विचारलं होतं, "आजोबा, दोन सायकलींची टक्कर होऊन त्या चिकटल्या का?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आज सविस्तर देतो.

या सायकलीला इंग्रजीत टँडेम म्हणतात. मी जोडसायकल म्हणतो. दोन जागा, एकामागे एक. दोन हँडलं, पण वळतं फक्त पुढचं. पायडलच्या दोन जोड्या, आणि त्या साखळीने एकमेकींना बांधलेल्या. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही लोकांच्या अंगवळणी पडली. ऑलिम्पिकमध्येही जोडसायकलची शर्यत असे, 1908 ला लंडनमध्ये होती, शेवटची 1972 ला म्युनिकमध्ये झाली. आता ती पॅरालिम्पिकमध्ये असते. तिथे पुढे डोळस स्वार आणि मागे दृष्टिहीन स्वार बसतो, आणि पदक दोघांना मिळतं. पुढच्याला पायलट म्हणतात. मागच्याला इंग्रजीत जो शब्द आहे तो कोळशाच्या इंजिनावरून आलेला, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा. आपल्या सुरत-भुसावळ लाइनवर वाफेची इंजिनं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. ड्रायव्हर खिडकीतून बघायचा, पण गाडी चालायची ती फायरमनच्या घामावर.

इथेच एक फरक सांगतो, कारण माझं सगळं बोलणं त्या फरकावर उभं आहे. आपण सगळे लहानपणी डबलसीट गेलेलो आहोत. कुणी दांडीवर, कुणी कॅरिअरवर. डबलसीटमध्ये एक जण ओढतो आणि एक जण बसतो. बसणारा कितीही जवळचा असला तरी चढ आला की तो ओझं असतो, त्याला उतरून चालावं लागतं. जोडसायकलवर बसणारा कुणीच नसतो. दोघंही चालवणारे.

आता माणसाकडे येतो. ते इथेच पहिल्या रांगेत बसले आहेत. आपली मुलं त्यांना 'सर' म्हणतात, मी 'मास्तर' म्हणतो. नाव घेतलेलं त्यांना आवडणार नाही. मास्तर भूगोल शिकवायचे. नोकरीतली पहिली कित्येक वर्षं रोज सायकलने गावाबाहेरच्या शाळेत जायचे आणि यायचे, ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका. निवृत्तीच्या आसपास त्यांना पायरी चुकायला लागली. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. आपण म्हणायचो, मास्तर विचारात असतात. डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे.

या आजाराबद्दल दोन वाक्यं बोलू द्या, कारण या सभागृहात चाळिशी ओलांडलेले बरेच जण आहेत. काचबिंदूत डोळ्यातल्या दाबामुळे मेंदूकडे जाणारी नस खराब होत जाते. बहुतेकांना दुखत नाही, लाल होत नाही. आधी कडेचं दिसणं जातं, समोरचं शाबूत राहतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. बोगद्यातून बघावं तसं होतं आणि बोगदा अरुंद होत जातो. गेलेली नजर परत येत नाही. वेळेत कळलं तर राहिलेली टिकवता येते. तेव्हा चाळिशीनंतर चष्म्याच्या नंबराबरोबर डोळ्यांचा दाबही तपासून घ्या, आणि घरात कुणाला असेल तर नक्कीच. भाषण विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

मास्तरांना कळलं तेव्हा बोगदा फार अरुंद झालेला होता. नंतर तोही बुजला. उजेड आणि अंधार एवढंच उरलं. त्यानंतर वर्षभर ते खाली उतरले नाहीत. मी संध्याकाळी वर जायचो, बातम्या वाचून दाखवायचो. एकदा म्हटलं, "मास्तर, माझ्या स्कूटरवर बसा, प्रकाशाला जाऊन येऊ." ते म्हणाले, "नको रे. मला सामानासारखं नेऊ नकोस." त्यांचा आवाज चढला नव्हता, तरी मला पुढे बोलता येईना.

त्यानंतर महिनाभराने पेपरात पुण्यातल्या जोडसायकलींबद्दल वाचलं. तिथे दिव्यांशू गणात्रा नावाचे गृहस्थ आहेत. तरुणपणी काचबिंदूनेच त्यांची दृष्टी गेली. त्यांच्या अ‍ॅडव्हेंचर्स बियॉन्ड बॅरियर्स फाउंडेशन या संस्थेने अंध आणि डोळस माणसांच्या जोड्या करून मनालीपासून खारदुंगलापर्यंत जोडसायकली नेल्या. सतरा हजार फुटांच्या वरची खिंड! मी ते मास्तरांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "मागच्यालाही पायडल असतं?" म्हटलं, "असतं." म्हणाले, "मग बघ."

विकत घ्यायची तर किंमत ऐकूनच आम्ही मागे सरलो. शेवटी आपल्या गावातल्या एका सायकल मिस्त्रीने आणि एका वेल्डिंगवाल्याने मिळून दोन जुन्या काळ्या सायकलींच्या सांगाड्यांतून ही बनवली. खरी अडचण साखळीची होती. मिस्त्रीने मागच्या पायडलला दोन दातेरी चक्रं बसवली, एकावर पुढून येणारी साखळी, दुसऱ्यावर मागच्या चाकाकडे जाणारी. गियर नाही. मागच्या चाकाला जाड तारा टाकल्या, कारण वजन दोघांचं. ब्रेक मात्र मी नवे आणि भक्कम घालायला लावले. बँकेचा माणूस, तारणाशिवाय पुढे जात नाही.

मग पंधरा दिवस मोकळ्या मैदानावर सराव. निघताना पुढच्याने दोन्ही पाय जमिनीवर रोवून सायकल धरायची, मागच्याने आधी बसून पाय पायडलवर ठेवायचे, मग 'चल' म्हणायचं. पायडल एकमेकांना बांधलेले असल्याने माझा पाय थांबला की त्यांचाही थांबतो. म्हणून काही करायच्या आधी सांगायचं: 'खड्डा', 'गतिरोधक', 'डावीकडे', 'थांबतोय'. सुरुवातीला मी न सांगता पाय थांबवला की मागून आवाज यायचा, "बँकवाल्या, नोटीस दे आधी!" आठवड्याभरात सांगायची गरज कमी झाली. माझ्या पाठीच्या हालचालीवरून त्यांना वळण कळायला लागलं.

आणि काही वर्षांपूर्वी मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या सुमाराला, आम्ही निघालो. 1923 साली मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले होते. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघं साडेचार वर्षांनी 71,000 किलोमीटर कापून परत आले. आमची मोहीम त्याहून जरा लहान होती: नंदुरबार, प्रकाशा, शहादा, उनपदेव, सारंगखेडा आणि परत. पाच दिवस. घाई करायची नाही, उन्हात चालवायचं नाही, आणि चहाची टपरी सोडायची नाही, असे तीन नियम. तोरणमाळचं मास्तरांच्या मनात फार होतं, पण सात पायरीचा घाट आणि बिनगियरची सायकल यांचं जमणारं नव्हतं. निघताना वहिनी फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "भाऊ, जसे नेताय तसे आणा."

पहिल्या दिवशी गाव सुटायच्या आतच मास्तरांना तीन शिंका आल्या. "पथारीवर मिरची पडली वाटतं यंदाची," ते म्हणाले. मी मान वळवून पाहिलं तर दूरवर लालेलाल पसरलेलं. त्यांच्या नाकाला ते माझ्या डोळ्यांच्या आधी दिसलं होतं. कोळद्याजवळ टपरीवर थांबलो. पोरं जमली. एकाने विचारलं, "बाबा, कथा जाई राहिनात?" आणि दुसऱ्याने लगेच मुद्द्याचं विचारलं, "मांगला बाबा पायडल मारस का नुसता बठेल शे?" मास्तर खुशीत म्हणाले, "मारस ना भो! पुढलाले इचारी ले." हा प्रश्न आम्हाला पाच दिवसांत शंभरदा आला असेल, आणि दर वेळी मास्तरांनी तितक्याच आनंदाने उत्तर दिलं.

प्रकाशाला पुलावर वारा अंगावर आला. पलीकडे जाऊन घाटावर उतरलो. तापी आणि गोमाईचा संगम, केदारेश्वराचं देऊळ, दक्षिण काशी म्हणून येणारी माणसं, हे सगळं मी त्यांना सांगत होतो. बॅरेजमुळे पाणी तुडुंब होतं. मास्तरांनी पाण्यात पाय सोडले आणि बोलायला लागले: ही तापी मध्य प्रदेशात मुलताईला निघते, 724 किलोमीटर जाऊन खंभातच्या आखाताला मिळते, देशातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जातात, नर्मदा आणि तापी पश्चिमेला, कारण त्या खचदऱ्यांतून वाहतात, आणि आपण बसलोय त्या गावात 1955 च्या सुमारास पुरातत्त्व खात्याने खोदलं तेव्हा खाली ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली. चार-पाच मुलं आणि दोन यात्रेकरू ऐकत उभे राहिले. वर्षभर घरात बसलेला वर्ग पुन्हा भरला होता. डोळे माझे होते, पण नकाशा त्यांचा होता.

दुसऱ्या दिवशी शहादा. अंतर थोडं, पण अंकलेश्वर-बुऱ्हाणपूर महामार्ग आणि उसाचा हंगाम. इथे मास्तर माझा आरसा झाले. "मागून ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या. रिकाम्या." रिकाम्या कशावरून? "खडखडतात ना. भरलेली ट्रॉली दबून चालते." मी कडेला घ्यायचो, ट्रॅक्टर जायचा, आणि ट्रॉल्या खरंच रिकाम्या असायच्या. शहाद्याच्या बाजारात एक गंमत झाली. मास्तरांना दर चौकात विद्यार्थी भेटायचा आणि पाया पडायचा. मलाही ओळखणारे भेटले, पण ते मला बघून दुसऱ्या गल्लीत वळायचे. ते माझे कर्जदार होते.

तिसरा दिवस उनपदेवचा. सातपुड्याच्या पायथ्याशी दऱ्याजवळ गरम पाण्याचा झरा आहे, गोमुखातून बाराही महिने कोमट पाणी पडत असतं. शहाद्याहून निघालं की आधी पपई, केळी, कापूस. मग जमीन हळूहळू वर उठायला लागते. डोळ्यांना चढ दिसत नाही, गुडघ्यांना कळतो. अर्ध्या वाटेवर माझा दम संपला. छातीत भाता सुरू झाला, मांड्या थरथरायला लागल्या. म्हटलं, "मास्तर, उतरू या. माझ्याच्याने होत नाही."

ते म्हणाले, "तू पायडलवर नुसते पाय ठेव आणि हँडल धर. जोर लावू नकोस."

आणि त्यांनी ओढली. सायकल चालत राहिली, सावकाश, पण थांबली नाही. माझ्या मागून त्यांचा श्वास ऐकू येत होता, एका लयीत, इतकी वर्षं शाळेत जाणाऱ्या माणसाचा. माझे पाय पायडलबरोबर आपोआप फिरत होते. मंडळी, त्या दीडेक किलोमीटरमध्ये त्या सायकलवर सामान कोण होतं, ते तुम्हीच ठरवा. शेवटचा चढ मात्र दोघांनी उतरून ढकलला, कारण भूगोलापुढे मास्तरांचंही चालत नाही.

गोमुखाखाली त्यांनी हात धरले, तोंड धुतलं. परत येताना उतार. मी ब्रेकवर बोटं ठेवून होतो, तरी दोघांचं वजन असल्याने जोडसायकल उतारावर एकट्या सायकलीपेक्षा वेगाने पळते. मागून मास्तर ओरडले. मी घाबरून थांबवणार, तोच ते म्हणाले, "थांबवू नको, थांबवू नको!" खाली आल्यावर सांगितलं, "हात धरून चालणाऱ्याला वारा लागत नाही रे. दीड वर्षाने वारा तोंडावर आला."

हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आपण आंधळ्या माणसाला हाताला धरून जपून नेतो, हळू नेतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यात वेग जातो, वारा जातो, थोडंसं धाडस जातं. त्याची उणीव त्याला किती भासत असेल हे विचारायचंच राहून जातं.

चौथ्या दिवशी सारंगखेड्याची यात्रा. एकमुखी दत्ताचं दर्शन घेतलं आणि घोडेबाजारात शिरलो. देशभरातून घोडे आलेले. मास्तरांनी एका व्यापाऱ्याची परवानगी घेऊन घोड्याच्या मानेवरून, खांद्यावरून, पायांवरून हात फिरवला. व्यापाऱ्याला वाटलं, म्हातारा जाणकार आहे. भाव सांगायला लागला! मास्तरांनी मला हळूच विचारलं, "रंग कोणता?" म्हटलं, "पांढराशुभ्र." "हातालाही तसाच लागला," म्हणाले. रात्री जुन्या विद्यार्थ्याच्या घरी कळण्याची भाकरी आणि भरीत.

पाचव्या दिवशी सारंगखेड्याच्या पुलावरून तापी पुन्हा ओलांडली आणि दोंडाईचा रस्त्याने रनाळ्यामार्गे घरी. वाटेत साखळी एकदा उतरली. ती मास्तरांनीच चढवली, चाचपून, माझ्याआधी. संध्याकाळी फाटकात वहिनी उभ्या. म्हटलं, "वहिनी, मुद्दल व्याजासकट परत." मास्तरांचे हात ग्रीसने काळे होते, नाक उन्हाने सोललेलं होतं, आणि ते सायकलवरून उतरायच्या आधीच घोड्याचं सांगायला लागले होते.

त्या फेरीनंतर मास्तर रोज खाली यायला लागले. पांढरी काठी घेतली. आपल्या मुलांना ते भूगोल आणि पाढे शिकवतात, हे तुम्ही जाणताच. त्यांची नजर परत आली नाही, येणारही नव्हती. मी एवढंच म्हणेन की ते घरातले सामान उरले नाहीत.

आपली ही सहकारी संस्था आहे. 'विना सहकार नाही उद्धार' हे वाक्य मी बँकेत फाइलींवर वर्षानुवर्षं पाहिलं. आपल्या शहादा भागात पी. के. अण्णा पाटलांनी पुरुषोत्तमनगरला साखर कारखाना उभा केला तो याच वाटेने. पण सहकाराचा अर्थ मला कळला तो उनपदेवच्या चढावर. गेल्या पंचवीस वर्षांत आपण पाण्याची टाकी बांधली, गच्चीची गळती काढली, जिन्याला कठडे बसवले. आता आपल्यातले पुष्कळ जण म्हातारे झाले. मुलं पुण्याला, सुरतेला, परदेशात. घरोघरी आजी-आजोबांना जपून बसवलेलं आहे. त्यांना औषध वेळेवर मिळतं, जेवण गरम मिळतं, आणि काम काहीच मिळत नाही. 'तुम्ही बसा, आम्ही करतो' हे आपण प्रेमानेच म्हणतो. फक्त कधीतरी त्यांच्या पायाखाली एखादं पायडल द्या. हिशेब तपासायला द्या, भाजी निवडायला द्या, नातवाला वाचायला बसवायला द्या, सभेत मत द्यायला बोलवा. चढ आला की कळेल, मागे किती जोर आहे ते.

आता एक सूचना, आणि ती ठराव म्हणून नोंदवली तरी हरकत नाही. आमचे गुडघे आता पाच दिवसांच्या फेरीचे राहिले नाहीत. रविवारी सकाळी फाटकापासून वळणापर्यंत दोन चकरा, बस्स. सायकल मी नुकतीच तेलपाणी करून घेतली आहे, टायर नवे आहेत. आजपासून ती माझी नाही, सोसायटीची. किल्ली वॉचमनकडे राहील. नियम दोन: मागच्याला सांगितल्याशिवाय पाय थांबवायचा नाही, आणि मागे बसेल त्याने पायडल मारलंच पाहिजे. कुणाला वडिलांना न्यायचं असेल, आजीला न्यायचं असेल, शेजारच्या आजोबांना न्यायचं असेल, त्याने खुशाल न्यावी. निघायचं कसं, ते मास्तर शिकवतील. त्यांची फी म्हणजे टपरीवरचा एक चहा, साखर कमी.

 सोसायटीला सुवर्णमहोत्सवासाठी शुभेच्छा. त्या वेळी भाषण करायला आज सतरंजीवर बसलेल्यांपैकी कुणीतरी उभं राहील, ही खात्री बाळगून थांबतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!